बेलम गुहा पाहावी कशी? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

१. डोंगर शोधू नये
गुहा म्हटले की मराठी माणूस वर बघतो. कार्ले, अजिंठा, पायऱ्या, धाप हा आपला शिरस्ता. बेलमला तो उपयोगाचा नाही. आंध्र प्रदेशातल्या नंद्याल जिल्ह्यात, सपाट रानात, जमिनीला विहिरीसारखी भोके आहेत. त्यांतल्या एकातून खाली उतरायचे असते. गाडीतून उतरल्या उतरल्या ‘गुहा कुठाय?’ असे विचारू नये. आपण तिच्यावरच उभे असण्याची शक्यता आहे.

२. पोहोचणे
मुंबई-चेन्नई लोहमार्ग पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल करत ताडिपत्रीला येतो. तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर. सकाळी ताडिपत्रीत इडली खावी आणि ‘आपल्याकडच्यासारखी नाही’ असे म्हणावे. त्याशिवाय सहल सुरू झाल्यासारखे वाटत नाही.

३. पोशाख
गुहा थंडगार असते हे ज्ञान गाडीतच ठेवावे. बेलमच्या पोटात हवा दमट आणि उकाड्याची असते. बाहेरची हवा यंत्राने आत सोडावी लागते. सुती कपडे व न घसरणाऱ्या चपला पुरतात. आजोबांसाठी आणलेली माकडटोपी घाम पुसायला घ्यावी.

४. चालणे
एकूण लांबी ३२२९ मीटर. त्यातला सुमारे दीड किलोमीटर पर्यटकांना खुला आहे. बांधलेली वाट आहे, जिने आहेत, दिवे आहेत. हरवायला बरेच कष्ट पडतील. तरीही प्रत्येक वळणावर माणसे मोजण्यासाठी एका जबाबदार गृहस्थाची नेमणूक करावी. तो स्वतःला मोजत नाही, त्यामुळे दर खेपेस एक कमी भरतो. घाबरू नये.

५. साम्य शोधणे
हा सहलीचा मुख्य विषय. गुहेतला प्रत्येक दगड कशासारखा तरी दिसलाच पाहिजे. सुरुवातीला गाईड सांगेल तेच पाहावे: कमानीत सिंह, छतात नागाचे फणे, पलीकडे वडाच्या पारंब्या, आणि कोटिलिंगालु नावाच्या दालनात शिवलिंगेच शिवलिंगे.

मग स्वतंत्र सराव. प्रारंभ गणपतीपासून करावा. सोंडेसारखे काहीतरी कुठेही सापडते. जमले की त्याच दगडात हत्ती पाहावा. मध्यम पातळीवर भारताचा नकाशा येतो. प्रगत विद्यार्थ्यांनी नातेवाईक शोधायला हरकत नाही, मात्र नाव मोठ्याने घेऊ नये. गुहेत आवाज घुमतो.

जो दगड कशासारखाच दिसत नाही, तिथे बघण्यासारखे काही नाही असे समजून पुढे जावे.

६. निनावी भिंतीपासून सावध
एखाद्या कशासारख्याच न दिसणाऱ्या भिंतीपुढे थांबण्याचा मोह झालाच, तर पुढचा धोका ओळखा. ही चुनखडी आहे. कडप्पा म्हणून आपल्या ओट्यावर बसते, ती काळी फरशीही याच पट्ट्यातली चुनखडी. ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की चकाकी जाऊन डाग पडतो, कारण आम्ल चुनखडी खाते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. लिंबापुढे ते अगदीच मिळमिळीत, पण त्याला वेळेची ददात नाही. फटींतून झिरपत, दगड विरघळवत त्याने या वाटा कोरल्या. वेरूळच्या बेसॉल्टला छिन्नी लागली. इथे ओलावा पुरला.

पुढे पाण्याची पातळी खाली गेली आणि पोकळी उरली. आता छतातून थेंब येतो, त्यातला वायू निसटतो, चुना मागे राहतो. त्यातून वरून लोंबतात ते अधोमुखी लवणस्तंभ, खालून उठतात ते ऊर्ध्वमुखी. वाढ वर्षाला मिलिमीटरचा काही अंश. त्यांना हात लावू नये: बोटांचा तेलकटपणा बसला की नवा थर नीट धरत नाही.

एवढा विचार होईपर्यंत मंडळी पुढे निघून गेलेली असतात, आणि मोजणाऱ्या गृहस्थांना एक माणूस खरोखरच कमी भरतो.

७. छाप पाडणे
गाईडने श्वास घेताच म्हणावे: ‘१८८४ मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली. १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने ती पद्धतशीर तपासली. २००२ मध्ये ती पर्यटकांसाठी उघडली.’ गावकऱ्यांना भोके आधीपासूनच ठाऊक होती, हे मात्र गाईडला सांगू द्यावे. एकेकाळी त्यांत कचरा टाकत. म्हणून वेफर्सचे पाकीट आत सोडणाऱ्याने आपण परंपरा जपतो आहोत असा दावा करू नये.

८. पाताळगंगा
सर्वात खोल जागा, सुमारे ४६ मीटर. इथे एक झरा दगडात शिरून दिसेनासा होतो. सगळे वाकून बघतात, आपणही वाकावे. परत चढायचे आहे ही आठवण इथेच येते.

९. शंकासमाधान
प्रश्न: एवढ्या लांब येऊन शेवटी दगडच ना?
उत्तर: होय. मात्र हे मत बाहेर येऊन, पाणी पिऊन, सावलीत बसून मांडावे. आत सगळे गणपती शोधत असतात.

प्रश्न: घरी काय दाखवावे?
उत्तर: फोनमधला फोटो. ‘हा गणपती’ म्हणून पुढे करावा. ‘कुठाय?’ असे विचारले गेल्यास फोन आडवा धरावा. तरीही न दिसल्यास उलटा.