कळावे, लोभ असावा, दंड नसावा

ति. रा. दंडवसुली साहेब, मु. पो. इंग्लंड,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली करडी नजर. आठव्या महिन्याचं पोट घेऊन एखादी बाई औषधाच्या दुकानात उभी राहते, प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला मोफतच्या चौकटीत खूण करते. आपण पोटाकडे बघत नाही, सवलतीचं सर्टिफिकेट बघता. त्याचा अर्ज राहून गेला असेल, तर आपल्या दप्तरी ती गरोदर नाहीच! मधुमेहाचंही तेच. रोग जन्माचा, सवलतीचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं. तेवढ्यात स्वादुपिंडाला सुबुद्धी होईल, हा आपला आशावाद डॉक्टरांनाही झेपायचा नाही. आणि जो गोळ्यांवाचून, नुसत्या पथ्यावर साखर आटोक्यात ठेवतो, त्याला मधुमेहाची सवलतच नाही. त्यानं जिलेबी खावी, असं आपलं मत दिसतं.

गरिबी तर आपण सोनाराच्या काट्यावर तोलता. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या धडधाकट माणसाची महिन्याची कमाई 435 पौंड असली तर तो गरीब. 436 झाली की शेठ. या शेठनं 9 पौंड 90 पेन्स फीचं औषध चुकून फुकट नेलं, तर मूळ रक्कम द्यायचीच, वर पाचपट दंड. दंडाची कमाल मर्यादा 100 पौंड, एवढी मात्र आपली दया. मुदत चुकली की त्यावर आणखी निम्मा.

लबाडांना धरावंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नॅशनल ऑडिट ऑफिसनं 2019 मध्ये आपली वही उघडली, तेव्हा 2014 पासूनच्या दंडाच्या 56 लाख नोटिसांपैकी 17 लाख मागे घ्याव्या लागल्याचं दिसलं. ती माणसं खरोखरच सवलतीची धनी होती. हे झाले उलट पत्र लिहिणारे. सरकारी लखोटा बघूनच घाबरून ज्या म्हातारीनं पैसे भरले, ती कुठल्या रकान्यात?

शेजारी स्कॉटलंड आणि वेल्समध्ये प्रिस्क्रिप्शन सगळ्यांनाच मोफत. चौकटच नाही, तर चुकीची खूण कुठून येणार? बिचारे आपल्या पत्रव्यवहाराला मुकले.

आपला आज्ञाधारक,
एक चौकटभीरू

ता. क. : हे साहेबांसाठी नाही. मुलांकडे इंग्लंडात कायमच्या राहायला आलेल्या आईबाबांनो, साठीनंतर इथं औषधं मोफत मिळतात म्हणून दंतवैद्याकडे त्याच ऐटीत खूण करू नका. नुसत्या वयावर दात मोफत नाहीत.