२४० व्होल्टचे नाना

न्यू जर्सीत उन्हाळा लागला की एडिसनच्या ओक ट्री रोडवर नाना दिसू लागतात. डोक्यावर नातवाची टोपी, पायात सुनेने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेला असतो आणि आठवड्याभरातच त्याच्या लक्षात येतं, की या घरात बिघडलेलं असं काहीच नाही. असलं घर नानांना खायला उठतं.

म्हणून ज्या दिवशी कपड्यांचा ड्रायर सुरू व्हायचं नाकारतो, त्या दिवशी नानांच्या तोंडावर जे तेज चढतं, ते नातवाच्या बारशालाही चढलेलं नसतं.

"बटण दाबल्यावर हुं करतो, की गप्पच?"

गप्पच, सून सांगते.

"मग मोटर नाही. मोटर अडकली असती तर कण्हली असती." दार उघडून ते आतला स्विच बोटाने दाबतात. टिक् वाजतं. दार निर्दोष. मग तळघरात ब्रेकर. ट्रिप झालेला ब्रेकर अधांतरी लटकतो, त्याला आधी पुरता बंद करून मग चालू करायचा असतो, हे ते मुलाला सांगतात, सुनेला सांगतात आणि पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यालाही खाणाखुणांनी सांगतात. तिथेच त्यांना समजतं, की इथले दिवे १२० व्होल्टवर चालतात, पण ड्रायरला १२० च्या दोन लाइनी मिळून २४० लागतात. "म्हणजे हा आपल्यातला!" १२० ला नाना मुळात वीज मानतच नाहीत.

"बाबा, नवीनच घेऊ. सहा-सातशे डॉलरला येईल," मुलगा म्हणतो. नाना मनात रुपये करतात आणि पाणी मागतात. माईंचं म्हणणं, डेकवर दोरी बांधा. ते म्हणे सोसायटीच्या नियमात बसत नाही. "एवढं ऊन फुकट चाललंय, आणि म्हणे प्रगत देश!"

प्लग काढून, मागचा पत्रा उघडून नाना मल्टिमीटर लावतात. बोटाच्या पेराएवढा पांढरा थर्मल फ्यूज. बीप नाही. सापडला चोर! व्हिडिओ बघून शहाणा झालेला मुलगा सुचवतो, "तो काढून दोन्ही वायरी सरळ जोडल्या तर?" नाना ताडकन उठतात. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार ओवणारे वाडेच्या वाडे त्यांनी झापलेले असतात. "अरे, तो उडाला म्हणून घर शाबूत आहे! गरम हवेची वाट तुंबली असणार." आणि खरंच, भिंतीतल्या नळीतून ते कपड्यांचा करडा केर ओढत राहतात, तो संपता संपत नाही. माई त्यातला चिमूटभर बोटांत वळून बघतात.

"याच्या वाती होतील का हो?"

"पॉलिस्टर आहे त्यात. देव खोकतील."

दहा डॉलरच्या आतला फ्यूज दुसऱ्या दिवशी येतो, चहा निवायच्या आत बसतो आणि ड्रायर घरघरू लागतो. नाना सोडून सगळे खूश. ते समोर खुर्ची टाकून कान देऊन बसतात, कुठे काही वेगळा आवाज येतोय का.

"शेजारच्या पटेलांचा फिरतो, पण तापत नाही म्हणे," सून सहज बोलून जाते.

"एक लाइन गेली त्यांची!" नानांचा एक बूट चढवूनही झालेला असतो.