ब्रूनो चंद्रगडाला जातो

कोकण रेल्वेची उत्तरेकडची पहिली गाडी 1993च्या जूनमध्ये रोह्याहून निघाली ती वीरपर्यंत आली आणि थांबली. पुढची सगळी लाइन सुरू व्हायला 1998चा जानेवारी उजाडला. म्हणजे काही काळ कोकण रेल्वे वीरला संपत होती, आणि तो मान गावाने मनातून अजून सोडलेला नाही. तरीही प्रस्तुत लेखकाचा ठाण्याचा भाचा वीरला रेल्वेने येत नाही. कारण ब्रूनो.

कुत्र्याला रेल्वेने आणायचं तर एसी फर्स्ट क्लासचा कूपे आपल्या एकट्याच्या नावावर घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसवावं लागतं. दिव्याच्या पॅसेंजरला फर्स्ट क्लास नाही आणि ब्रूनोला पेटीची सवय नाही. म्हणून तो मोटारीने येतो. मागची अख्खी सीट त्याची. भाचा आणि भाचेसून पुढे, ड्रायव्हर-क्लीनरसारखे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चालू आहे. ब्रूनोचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे रस्ता म्हणजे हे असंच काहीतरी असतं अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

ब्रूनो जातीने लॅब्रॅडॉर, वजन चौतीस किलो. मामींनी, म्हणजे लेखकाच्या सौभाग्यवतींनी, पहिल्याच तासात त्याचं ‘बर्नोल’ करून टाकलं. त्यालाही ते चाललं. ज्या हाकेनंतर खायला मिळतं ते आपलं नाव, एवढा सरळ त्याचा हिशेब.

बेत असा होता: डिसेंबरातले दोन दिवस, आंबेनळी घाटाने प्रतापगड, मग कुठेतरी तंबू ठोकून मुक्काम. “रायगडलाच नेऊ या का ब्रूनोला?” असं भाच्याने विचारल्यावर लेखकाने घाईघाईने चहा मागवला. महाड तालुक्यात कुत्रा आणि रायगड हे दोन शब्द एका वाक्यात आले की जपून बोलावं लागतं. शिवसमाधीजवळचं वाघ्याचं स्मारक 1936च्या सुमाराचं, तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभं राहिलेलं. वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली या कथेला समकालीन आधार नाही असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं, आणि स्मारक राहावं की जावं यावरून वाद मधूनमधून पेटतो. त्यात ठाण्याचा चौतीस किलोंचा ब्रूनो नेऊन उभा करण्याची लेखकाची छाती नव्हती.

सामान मोटारीत भरताना मामी मोजत होत्या. भाच्याची एक सॅक, भाचेसुनेची एक सॅक. ब्रूनोचं मात्र अंथरूण, घडीची वाटी, पट्टा, छातीबंद, टॉवेल, गोचीड काढायचा चिमटा, पंजांना लावायचं मलम, लसीकरणाची वही आणि मापून भरलेलं कोरडं खाणं. “लग्नाला निघालाय का हा?” एवढंच त्या म्हणाल्या. यातल्या चिमट्याची आणि वहीची लेखकाने आधी थट्टा केली, नंतर ती मागे घेतली. रानातून आलेल्या कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड हमखास सापडते आणि ती नुसती रक्त पीत नाही, तापही देऊन जाते. लेप्टोचं तर कोकणाशी जुनंच नातं आहे, आणि ते माणूस-कुत्रा असा भेद करत नाही.

महाडजवळ सावित्री दिसली आणि ब्रूनो सीटवर उठून बसला. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढायचे. पाणी दिसलं की उडी, हे त्याच्या रक्तात. “पाच मिनिटं पोहू दे ना त्याला,” भाचेसून म्हणाली. लेखकाने शांतपणे सांगितलं, की महाडच्या परिसरात सावित्रीत मगरी आहेत. पाचदहा नाहीत, चांगल्या नांदत्या. काचा वर गेल्या.

पोलादपूर मागे टाकून घाटाकडे वळलं तोवर सगळं ठीक होतं. मग वळणं सुरू झाली. कुत्र्यालाही गाडी लागते, माणसासारखीच: कान सांगतो आपण हलतोय, डोळा म्हणतो सीट जागेवर आहे, आणि या भांडणात पोट बळी जातं. जाणकार म्हणतात, निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला खाऊ घालू नये. मामींनी निघताना त्याला पाच इडल्या घातल्या होत्या. त्या भाच्याला जशाच्या तशा पाहायला मिळाल्या. प्रतापगडचा बेत इडल्यांबरोबरच बाहेर पडला आणि मोटार उमरठच्या रस्त्याने ढवळ्याकडे निघाली, चारही काचा खाली करून.

उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडाच्या कड्याला लावलेल्या घोरपडीची दंतकथा मराठी मुलाला शाळेच्या आधीच कळते. पुराणांतही कुत्रा हजर आहेच, दत्ताच्या पायाशी चार, खंडोबाजवळ एक; पण गड चढण्याचं श्रेय मात्र घोरपड घेऊन गेली. हे विचार लेखक मोठ्याने बोलत होता. ब्रूनो झोपला होता.

ढवळे हे चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. जावळीच्या मोऱ्यांचा हा किल्ला 1656 साली शिवाजी महाराजांकडे आला. ज्या घरी जेवणाची सोय झाली तिथले म्हातारे काका तंबूकडे बघून म्हणाले, “लावा की. फक्त कुत्रं आत घ्या. वाघरू फिरतंय.” काकांचं बोलणं हसण्यावारी नेता येत नव्हतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बिबट्याच्या दृष्टीने तंबूबाहेर बांधलेला लॅब्रॅडॉर म्हणजे वाढलेलं पान. हा आकडा लेखकाने जेवताना सांगितला ही चूक झाली. दोघांच्या तंबूत रात्री नवाला ब्रूनोसकट तिघं शिरले. साडेअकराला चेन सर्रकन उघडली आणि सगळं बिऱ्हाड पडवीत लेखकाच्या शेजारी आलं. तंबू अंगणात रात्रभर रिकामाच उभा होता.

त्या घराच्या चुलीमागे राखेत एक तपकिरी कुत्रा झोपला होता. ब्रूनोला पाहून त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. त्याचं नाव विचारलं तर काका म्हणाले, “येणारे कोण शेरू म्हणतात, कोण टायगर. आम्ही ‘हाड’ म्हणतो.”

सकाळी सहाला हा हाड उठला, पाठ ताणली आणि वाटेला लागला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाला हा प्राणी कुठल्या ना कुठल्या गडावर भेटलेला असतो: पायथ्यापासून पुढे चालणारा, फाट्यावर थांबून मागे बघणारा, आणि माथ्यावर डबा उघडला की अचानक जिव्हाळा वाढलेला. याचा आद्यपुरुष महाभारतात आहे. महाप्रस्थानाला पाच पांडव आणि द्रौपदी निघाले. एकेक करत पाचजण वाटेत पडले, धर्मराजामागून शेवटपर्यंत पोचला तो कुत्रा. आणि दारात इंद्राने हरकत घेतली कशाला, तर कुत्र्याला! तेव्हा धर्मराज अडून बसला. हॉटेल शोधताना हा प्रसंग भाच्याच्या वाट्याला नेहमी येतो. फरक इतकाच, की तिथे शेवटी कुत्र्याचा यमधर्म होत नाही, भाच्याचा होतो.

चंद्रगडाची चढण खडी आहे आणि वर कातळटप्पे आहेत. पहिल्या टप्प्याशी ब्रूनो बसला. भाच्याने छातीबंदाची मूठ धरून वरून ओढलं, भाचेसुनेने खालून खांदा दिला, लेखकाने मार्गदर्शन केलं. हाड बाजूच्या कारवीतून कुठूनसा वर गेला होता आणि माथ्यावर बसून हा सोहळा पाहत होता. माथ्यावर उघड्यावरच्या महादेवासमोर सगळे टेकले तेव्हा ब्रूनोची जीभ जवळजवळ जमिनीला लागली होती. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही; थोडाफार येतो तो पंजांच्या गादीला, बाकी सगळी भिस्त धापेवर. त्यातून ऊन चढलं की काळा कातळ तापतो. हाताची मागची बाजू कातळावर सात-आठ सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही. दहाच्या आत सगळे खाली निघाले, ही या सहलीतली एकमेव वेळेवर झालेली गोष्ट.

उतरताना भाचेसून हाडला बिस्किटं द्यायला लागली. खाली आल्यावर हे कळताच काका चिडले. ढवळे घाटाची वाट पुढे थेट महाबळेश्वरच्या आर्थरसीटला जाते. बिस्किटांमागे कुत्री वरपर्यंत जातात, माणसं एसटी धरून पुण्याला निघून जातात, आणि ही परक्या हद्दीत तिथल्या कुत्र्यांकडून फाडून घेतात. “मागच्या वर्षी हा आठवडाभराने आला. कान फाटका,” काका म्हणाले. हाडचा डावा कान खरोखरच अर्धा होता. तो आतापर्यंत कोणी नीट पाहिलाच नव्हता.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी होती. भाच्याने ब्रूनोचं मापाचं खाणं वाटीत ओतलं. ब्रूनोने वाटीकडे पाहिलं, हाडच्या थाळ्याकडे पाहिलं आणि सरळ तिकडे गेला. हाडने हरकत घेतली नाही. तो उठून वाटीशी आला, दोन दाणे तोंडात घेतले, ते जमिनीवर ठेवले आणि पायाने त्यावर माती लोटली.

हिशेबाच्या वेळी काका जरा घुटमळले. “माणसं तीन धरली. पण भाकऱ्या सात जास्त लागल्या.” भाच्याने मुकाट्याने पैसे दिले.

आठ दिवसांनी ठाण्याहून फोन आला. “मामा, ब्रूनो वाटीला तोंड लावत नाहीये. तुमच्याकडे नाचणीचं पीठ...” मामींनी फोन ओढून घेतला आणि बर्नोलची तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा दिव्याच्या पॅसेंजरने निघाला तेव्हा वीर स्टेशनवर त्याच्या हातात पाच किलोंची पिशवी होती. सोबत मामींची चिठ्ठी: उकड नीट काढ, आणि गार करून घाल.