पाच किल्ल्या आणि एक कुकर

मा. सचिव महोदय,



गेल्या मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता आपल्या सोसायटीच्या सुरक्षाव्यवस्थेने मोठी कामगिरी बजावली, त्याबद्दल अभिनंदन. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या पिशवीत कुकर सापडला. पाच लिटरचा, एक कान खिळखिळा, बूड काळं. तो मीच त्यांना दिला होता, पण चिठ्ठी द्यायची राहिली. ‘घरातील वस्तू बाहेर नेताना सदनिकाधारकाच्या सहीची चिठ्ठी आवश्यक’ हा आपला सातवा नियम. मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेली, फोन बंद. मावशी पाऊण तास केबिनबाहेर उन्हात उभ्या होत्या. पुढच्या कामावर उशीर झाला म्हणून तिथल्या बाईंनी दिवसाचे पैसे कापले, ते वेगळंच.

मला खरं कौतुक वाटलं ते झडतीचं. वॉचमनने पिशवी टेबलावर पालथी केली. तीतून काय काय निघालं ते मावशींनी मला क्रमाने सांगितलं. जेवणाचा डबा, बसचा पास, गुडघ्याला लावायचं मलम आणि किल्ल्यांचा जुडगा. पाच घरांच्या पाच किल्ल्या. एक माझी, एक डॉक्टरांची, एक वरच्या मजल्यावरच्या नोकरी करणाऱ्या मुलींची, एक सी विंगमधल्या आजींची आणि लाल दोरा बांधलेली ती आपली. वॉचमनने जुडगा उचलला, नीट बाजूला ठेवला आणि कुकर जप्त केला.

सचिव महोदय, या बाईला आपल्या मजल्यावरचं कोण लोणावळ्याला गेलंय आणि कधी परत येणार हे ठाऊक असतं. माझ्या कपाटाची किल्ली कुठे असते ते माझ्या नवऱ्याला अजून सापडलेलं नाही. मावशी त्याच कपाटावरची धूळ पुसतात. अकरा वर्षं झाली. एवढी सगळी सोय असताना त्यांनी भरदिवसा, मुख्य गेटमधून, शिट्टी नसलेला कुकर पळवावा? चोर म्हणूनही आपण त्यांची किती कमी किंमत करता!

बाकीच्या तक्रारी उरकते. आधारच्या झेरॉक्स तीनदा घेतल्या, तीनदा हरवल्या. गुडघे गेलेल्या बाईला मालाची लिफ्ट, आणि ती महिन्यातून दहा दिवस बंद. अ‍ॅपवर मावशींना तारे द्यायचे असतात. समितीला द्यायची सोय दिसली नाही.

फलकावर आपण भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लावलं आहे: नोकराने मालकाकडे केलेली चोरी, सात वर्षांपर्यंत कैद. अक्षर सुंदर आहे. शेजारी वीतभर जागा रिकामी आहे, तिथे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही लावता आला असता. तो महाराष्ट्रात २००८ साली झाला. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, तेव्हा मावशींच्या सासूबाई त्यात होत्या. हे मला अकरा वर्षांनी, परवा कुकरच्या निमित्ताने कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

क्लब हाउसच्या रंगकामाचा हिशोब दोन वर्षं बाहेर येत नाही, ती पिशवी कोणी पालथी करायची? संशय असेल तर मावशींना तोंडावर सांगा, किल्ली परत घ्या आणि स्वतःची फरशी स्वतः पुसा. सकाळी आठला बाईच्या हातात घर द्यायचं आणि दुपारी दोनला तिला चारचौघांत पिशवी उघडायला लावायची, हा निव्वळ माज आहे. वॉचमनलाही लाज वाटत होती. तो टेबलाकडेच बघत होता म्हणे.

इथे सही करून पत्र फलकावर लावणार होते. पण मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला आपण कचऱ्याच्या डब्यांपाशी टॉर्च घेऊन ओणवे झालेले दिसलात. “काही हरवलंय का?” विचारलं, तर म्हणालात, “छे, सहज.” तसं सहज मीही शोधलेलं आहे. आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. रोज काहीतरी चोरीला जायचं आणि रोज चोर एकच असायचा. मोहनमाळ गेली तेव्हा मीसुद्धा मावशींना विचारून बसले. अगदी गोड आवाजात, “तुम्ही कुठे पाहिलीत का हो?” त्या पदराला हात पुसत नुसत्या उभ्या राहिल्या. माळ आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडली. मी त्यांना सांगितलं. “बरं झालं,” म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, ते काही मला माफ केलं म्हणून नसावं. महिना भरायचा होता.

आपल्याकडे काय हरवतं ते मी विचारणार नाही. रोज संध्याकाळी घरी कुणाला तरी दाखवायला ‘आज काहीही बाहेर गेलेलं नाही’ असं लिहिलेलं रजिस्टर लागत असेल, तर ते मला कळतं. मग रजिस्टर ठेवा. पिशवी मात्र उघडू नका. आणि तांदळाचा डबा तळापर्यंत बघा.

कुकर अजून केबिनमध्येच आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे: ‘कुकर, जुना, नग एक.’ शिट्टी काल माझ्याकडे ओट्यामागे सापडली. तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी लागेल का, तेवढं कळवावं.

आपली,
बी-३०४