शीतकालीन श्मश्रूविधी

निफाडचा पारा घसरल्याची बातमी छापून आली की नाशिक-पुण्याकडचा गृहस्थ दोन कामे तातडीने करतो: पंख्याचे बटण बंद करतो आणि दाढी उद्यावर ढकलतो. दुसऱ्या कामाला शास्त्राधार हवा तेवढा मिळतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवारी तर वस्तऱ्याचे नावच काढायचे नाही. उरलेल्या तीन वारांपैकी एखाद्यावर एकादशी नाही तर अमावास्या येऊन बसते. एरवी पंचांग कोणत्या खिळ्याला टांगले आहे हेही ठाऊक नसलेला माणूस डिसेंबरात असा धर्मनिष्ठ होतो. पण ऑफिसात ऑडिट लागते, भाच्याचा साखरपुडा निघतो आणि विधी टळत नाही. त्या प्रसंगासाठी हे मार्गदर्शन.

विधीचा प्राण पाणी. याबाबत समाजात दोन पंथ आहेत. नळपंथी टाकीतल्या गारढोण पाण्यात ब्रश बुडवतो, गालांवर दोन फेऱ्या मारतो आणि ‘हू हू’ करत रेझर चालवतो. बंबपंथी वाफाळते पाणी तोंडावर मारतो. फसगत दोघांचीही ठरलेली. केस पाणी पिऊन मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. नळपंथीयाला तेवढा दम नसतो, म्हणून त्याचे पाते केस कापण्याऐवजी ओढते. कढत पाण्याने मात्र त्वचेवरचा तेलकट थरच धुऊन निघतो. थंडीच्या कोरड्या हवेत बाष्प मुळातच कमी. ती उघड्या पडलेल्या त्वचेतला ओलावा ओढून घेते आणि दुपारपर्यंत हनुवटीभोवती पांढरे पापुद्रे सुटतात. त्वचेचा सर्वांत वरचा थर दाढीच्या केसाहूनही पातळ असतो, हे बंब पेटवताना ध्यानात ठेवावे. पाणी कोमट असावे. तान्ह्या बाळाचे पाणी कोपर बुडवून बघतात, तसे बघायलाही हरकत नाही. मात्र दार लावून.

इथे एक धर्मसंकट उभे राहते. त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, दाढी आंघोळीनंतर करावी, कारण तेव्हा केस भिजलेले असतात. घरची आजी सांगते, दाढी केल्यावर आंघोळ केल्याशिवाय देवघरात पाऊल टाकायचे नाही. दोन्ही व्यक्ती अधिकारी. वाद कोणाशीच घालू नये. तोडगा असा, की नॅपकीन कोमट पाण्यात बुडवून, पिळून, गालांवर दोन मिनिटे दाबून धरावा. मग ब्रश गोल गोल फिरवत फेस केसांच्या मुळाशी पोचवावा. आंघोळ त्यानंतर. आजी खूश, गालही खूश.

पात्याच्या बाबतीत मराठी माणसाची काटकसर डोळ्यांत पाणी आणते, तेही आरशासमोर. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले ते वापरून टाकून द्यायच्या पात्याच्या रेझरसाठी. दसऱ्याला चढवलेले पाते संक्रांतीपर्यंत नेणे हा पुढे आपल्याकडे लागलेला शोध. पाच-सात दाढ्यांनंतर पाते बदलावे. नाक्यावरच्या सलूनमधला कारागीर गिऱ्हाईक खुर्चीत बसले की कागदासकट नवे पाते मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यात सरकवतो. चाळीस हजारांचा फोन बाळगणाऱ्याने निदान त्याच्याकडे बघून तरी शिकावे.

पाते केसाच्या वाढीच्या दिशेने चालवावे. गालावर ते सोपे. गळ्यावर केस मनाला येईल तसे उगवतात, काही खाली, काही कानाकडे, तेव्हा आधी बोट फिरवून अंदाज घ्यावा. ‘उलटा हात मारू का साहेब?’ या प्रश्नाला थंडीत ‘नको’ म्हणावे.

तुरटी ही आपल्याकडची सर्वमान्य देवता. ती त्वचा आकसते, बारीक कापल्यावर येणारे रक्त थांबवते. पण तेवढ्याच इमानाने त्वचा कोरडीही करते. जिथे कापले तिथेच टेकवावी, गालभर फिरवू नये. स्पिरिटचा आफ्टरशेव्ह लावून स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घेण्याची प्रथा तर फेब्रुवारीपर्यंत स्थगित ठेवावी.

राहता राहिला लेप. मुंबईत पाटणवालांनी काढलेला अफगाण स्नो आणि कोलकात्याचे १९२९ पासूनचे बोरोलीन यांवर कित्येक घरांनी हिवाळे काढले. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे सकाळी बाटली उपडी करून हलवण्याचा व्यायाम आपसूक घडतो. पुटकुळ्या येणाऱ्यांनी मात्र ते तोंडाला लावू नये. कोकणात भिरंडेल वापरतात: कोकमाच्या बियांचे तेल, हातावर वळलेला पांढरट पिवळा गोळा, घरात दगडासारखा घट्ट, पण बोटाने चोळला की अंगाच्या उबेने विरघळतो. भेगांना त्याच्याइतका स्वस्त उतारा नाही. यातले काहीही चेहरा टिपल्याबरोबर, तो ओलसर असतानाच लावावे; ओलावा आत कोंडला जातो. कोरडा ठणठणीत झाल्यावर लावलेले क्रीम नुसतेच चमकते. दुधाची साय लावून लोकलमध्ये चढू नये, कारण वास दादरच्या आधी कळतो.

दाढी राखून यातून सुटलो असे मानणाऱ्यांनी घाई करू नये. दाढीखालची त्वचाही कोरडी पडते, खाजते आणि काळ्या शर्टावर कोंडा सांडते. दोन थेंब तेल मुळाशी चोळावे. लाली किंवा पुळ्या आठवडाभरात हटल्या नाहीत तर घरगुती प्रयोग आवरते घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना मात्र तोंडाला काही फासून जाऊ नये. डॉक्टरांना त्वचा बघायची असते.