पुलाचं पोट कोण बघणार?

सियालदह स्टेशनातून बाहेर पडलं की विद्यापती सेतू. वर बस, टॅक्सी, एके काळी ट्रामसुद्धा. खाली दाटीवाटीचा बाजार. गाळ्यांची छतं, ताडपत्र्या, वायरींची जाळी पार पुलाच्या पोटाला भिडलेली. ४ सप्टेंबर २०१८ ला माजेरहाटचा पूल पडला आणि कोलकात्याला आपल्या पुलांची आठवण झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये वाहतूक थांबवून या सेतूची भारचाचणी झाली. ती हवीच होती. पण भार टाकल्यावर पूल किती वाकतो, एवढंच त्यातून कळतं. आतल्या सळया किती गंजल्या, ते कळत नाही.

काँक्रीटमधली सळई टिकते ती सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत सळईपर्यंत पोचले की ते कवच जातं. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर, मग तांबूस ओघळ, मग पोपडा खाली. २० मिलिमीटरची सळई चहूबाजूंनी एकेक मिलिमीटर झिजली तरी तिचा १९ टक्के छेद गेलेला असतो. काँक्रीटवरची तिची पकड सुटते, ते वेगळंच. अशा चिरेवर गिलावा थापून वरून रंग मारणं हा मी गुन्हा समजतो. गंज आत वाढतच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. वयाची विशीही गाठली नव्हती त्याने. पोलाद गंजलं होतं.

गंजाचा माग काढणं अवघडही नाही. काँक्रीटचा टवका ताजा फोडायचा, त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं. गुलाबी झालं तर कवच शाबूत. रंग चढलाच नाही तर तिथली सळई उघड्यावर पडली म्हणून समजा. हातोडीने ठोकून पोकळ आवाज टिपता येतो, सळईचं विद्युत विभव मोजता येतं. पण त्यासाठी माणूस पुलाच्या पोटापर्यंत पोचायला हवा! दुकानदारांच्या पोटावर पाय देण्याची गरज नाही. गाळ्यांची छतं हातभर खाली घ्या, खांबांभोवतीची जागा मोकळी ठेवा, आणि तपासणीचा अहवाल तिथेच, खांबावर, बंगालीत लावा. त्या पुलाखाली दिवस काढणाऱ्यांचा तेवढा हक्क आहे.