चौथीच्या वर्गशिक्षिका मॅडमना, गटाबाहेरून

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आता फक्त अॅडमिन लिहू शकतात, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितो आहे. गटाला कुलूप लावलंत ते बरंच केलंत. घटक चाचणीच्या सूचनेखाली एन. ए. प्लॉटची जाहिरात टाकणारे आम्ही पालकच होतो.

कुलूप लागल्यापासून आम्हाला काही कळत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १५ ऑक्टोबरचंच घ्या. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो आणि हात धुण्याचा जागतिक दिनही. आमच्या चिरंजीवांचा सकाळी पुस्तक धरलेला फोटो आला, दुपारी साबण लावलेला. हात स्वच्छ झाल्याची खात्री पटली. धरलेलं पुस्तक त्याला वाचता येतं का, एवढं तेवढं फोटोत उमटलं नाही. उमटले होते ते तारीख, वेळ आणि गावाचे अक्षांश-रेखांश. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ती कुठल्या रेखांशावर आहे याची आम्हाला कधी शंका नव्हती. तेव्हा उलगडा झाला की हे फोटो आमच्यासाठी काढलेच नव्हते. ते केंद्रप्रमुखांसाठी, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांसाठी. लिंक भरून, अहवाल जोडून झाला की मग उरलंसुरलं आमच्याकडे. तुमचा यात दोष नाही. शिकवल्याचा पुरावा मागणारे वर बसले आहेत, आणि शिकवणं फोटोत येत नाही.

प्रगतिपत्रकाबद्दल विशेष आभार. गणितात ब-२ म्हणजे साठाच्या पुढे आणि सत्तरपर्यंत, हे शेजारच्या दहावीतल्या मुलाने समजावलं. पण 'विशेष प्रगती', 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्यांतलं मराठी वाचून मी भारावलो. 'उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो. गोष्टी आवडीने सांगतो.' हाच मजकूर माझ्या पुतणीच्या पत्रकातही आहे. तीसुद्धा गोष्टी आवडीने सांगतो. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तिका बाजारात मिळते म्हणे. तिची एक प्रत पालकांनाही द्यावी, म्हणजे सहामाहीची वाट पाहायला नको.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असावा, असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. त्या पाऊण हिश्श्यात मीही आहे. मागच्या बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी दप्तरातून घरी आलं, त्यावरून बैठक झाल्याचं समजलं. तीत कुंपणाच्या ठरावाचा सूचक मी होतो. अनुमोदक त्या आठवड्यात ऊसतोडीला कर्नाटकात होता, तरी त्याने जोरदार अनुमोदन दिलं.

त्याच कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांना नियमित भेटावं. मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि झालेली प्रगती त्यांना सांगावी, असं त्यात आहे. कायदा २००९चा, म्हणजे गटही नव्हता आणि अक्षांशही नव्हते तेव्हाचा. जुन्या लोकांच्या अपेक्षा फारच साध्या असायच्या.

आता एक तक्रार. गेल्या मंगळवारी आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता तुम्ही मला म्हणालात, "अहो, हातच्याची वजाबाकी जमते त्याला, पण वरच्या संख्येत दोन शून्यं आली की अडतो. पाचशेतून एकशे अठ्ठ्याहत्तर द्या वजा करायला. सुट्ट्या पैशांवर घ्या, पटकन कळेल." मेथीवाली सुटे मोजेपर्यंत बोलणं संपलंसुद्धा. घरी येऊन आम्ही शंभराच्या आणि दहाच्या नोटा मांडल्या. शंभराची मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. रविवारपर्यंत गडी न अडखळता वजाबाकी करू लागला.

वर्षभरात गटावर आलेल्या सगळ्या फोटोंत हे कुठेच नव्हतं, आणि तुम्हाला ते तोंडपाठ होतं! चाळीस मुलांपैकी कोण कुठे अडतं हे तुम्हाला ठाऊक असताना ते विचारणारी लिंक अजून कुणी कशी काढली नाही, याचं मला नवल वाटतं. तोवर, आपली हरकत नसेल तर, मी दर मंगळवारी पाचच्या सुमारास मेथीवालीपाशी उभा राहत जाईन. आणखी दोन-तीन पालक यायचं म्हणतात. त्यांना गवार घ्यायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सूचक पालक

ता. क. : या भेटींचा अहवाल वर पाठवावा लागला तर कळवा. जुडी हातात धरून, अक्षांश-रेखांशासह फोटो काढून देईन.